चिमूटभर हृदय

मायोकार्डायटिस हे जडजंबाल नाव १८३७ साली सोबर्नहाइम या जर्मन डॉक्टरने दिलं. म्हणजे हृदयाच्या स्नायूला आलेली सूज, बऱ्याचदा एखाद्या व्हायरसची देणगी. आधी साधा सर्दी-ताप, मग छातीत दुखणं, धाप. कधीकधी ईसीजी बघून हार्ट अटॅकच वाटावा! नाव मिळालं खरं, पण पुढची सव्वाशे वर्षं खात्री करायची तर मार्ग एकच, शवविच्छेदन. आमच्या धंद्याच्या भाषेत, सिस्टिम कायमची बंद पडल्यावरच लॉग वाचायला मिळणार.

मला यातला सगळ्यात भारी माणूस वाटतो तो टोकियोचा कोन्नो. १९६२ साली त्याने आणि साकाकिबाराने एक लांब नळी वापरली, टोकाला इवलासा चिमटा असलेली. ती शिरेतून हृदयात सरकवायची आणि आतल्या भिंतीचा मिलिमीटरभर तुकडा खुडून आणायचा. तेही हृदय धडधडत असताना! भिंतीला भोक पडलं तर? विचार करूनच माझे हात गार पडतात.

आता प्रश्न सुटला म्हणाल, तर नाही. सूज सगळीकडे सारखी नसते, ठिपक्याठिपक्यांनी असते. तुकडा नेमका चांगल्या जागचा आला की रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट आजारीच. १९८४ साली पॅथॉलॉजिस्ट मंडळींनी डॅलसला बसून सुजेची व्याख्या पक्की केली, पण व्याख्येने ठिपके थोडेच हलतात?

उपचारांची गंमत तर आणखी वेगळी. प्रतिकारशक्ती खवळली आहे ना, मग दाबा तिला! तर्क बिनतोड. पण १९९५ साली १११ रुग्णांवरच्या अमेरिकन चाचणीचा निकाल आला. स्टेरॉइड आणि जोडीला दुसरं औषध देऊनही जगण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. दोन्ही गट मिळून सव्वाचार वर्षांत निम्म्याहून जास्त माणसं गेली. आणि खरी मेख इथेच आहे. ज्यांना ही औषधं दिलीच नव्हती, त्यांच्याही हृदयाचं काम सुधारलं होतं. तुलनेला तो गट नसता तर सगळं श्रेय औषधाला गेलं असतं, आणि पुढे किती जणांना ते उगाच दिलं गेलं असतं कोण जाणे.

आता बऱ्याच जणांचं निदान एमआरआयवर होतं, त्याचे निकष २००९ साली ठरले. उपचार म्हणजे विश्रांती, हृदयाला आधार देणारी औषधं, आणि काही महिने धावपळीचे खेळ बंद. अपवाद 'जायंट सेल' या दुर्मिळ, झपाट्याने मारणाऱ्या प्रकाराचा. तिथे मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंच जीव वाचवू शकतात, आणि तो ओळखायला आजही चिमटाच आत घालावा लागतो.