कोऱ्या जागेचा इतिहास : क्षमापत्र ते विपणन-मोहीम

प्रस्तावना : एकच मजकूर अनेकांना पाठवावयाचा, तरीही प्रत्येकाला तो आपल्यासाठीच लिहिला आहे असे वाटावे, या गरजेतून मजकुरातील बदलत्या घटकाची, म्हणजे 'चला'ची, कल्पना रुजली. प्रस्तुत लेखात तिच्या स्थित्यंतराचा आढावा घेतला आहे.

विवेचन : सायप्रसच्या रक्षणार्थ निधी उभारण्यासाठी १४५४-५५ मध्ये माइन्झ येथे क्षमापत्रे छापली गेली. त्यांत नाव व दिनांक यांसाठी जागा कोरी ठेवून ती हाताने भरली जात असे. पुढे वर्डस्टारच्या मेलमर्ज सुविधेने हेच काम वैयक्तिक संगणकावर आणले. निओलेन ही २००१ मध्ये स्थापन झालेली फ्रेंच कंपनी अ‍ॅडोबीने २०१३ मध्ये विकत घेतली. त्यातून आकारास आलेल्या अ‍ॅडोबी कॅम्पेनच्या कार्यप्रवाहात 'इव्हेंट' चल एका कृतीकडून पुढील कृतीकडे जाते, तर 'इन्स्टन्स' चल त्या संपूर्ण कार्यप्रवाहात उपलब्ध असते. निवडलेल्या ग्राहकांची संख्या अशा चलातून तपासून संदेश पाठवावा की थांबवावा, हे आपोआप ठरविता येते.

निष्कर्ष : पूर्वी चल मजकुरात होते, आता ते निर्णयातही शिरले आहे. क्षमापत्रातील भरलेली जागा घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होती. कार्यप्रवाहातील चल संदेश मिळणाऱ्यास दिसत नाही. म्हणूनच २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या विदा-संरक्षण नियमावलीने थेट विपणनास हरकत घेण्याचा जो हक्क दिला, तो ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाचा ठरतो.