आधी नोकरी की आधी पुणे? शहर बदलण्यापूर्वी काम कसे शोधावे

लातूर, नांदेड, जळगाव, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून शिक्षण संपले की अनेक तरुण पुण्याची वाट धरतात. "आधी जाऊ, मग बघू" हा त्यातला नेहमीचा मार्ग. अडचण अशी की खोलीचे भाडे, डिपॉझिट आणि मेसचा खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो. नोकरी लगेच मिळाली तरी पहिला पगार महिना भरल्यावरच हातात पडतो. घरून आणलेले पैसे संपत आले की उमेदवार समोर येईल ते काम, मिळेल त्या पगारावर स्वीकारतो. नोकरी हातात घेऊन जाणाऱ्यावर ही वेळ सहसा येत नाही. म्हणूनच शक्य असेल तिथे नोकरी आधी आणि शहर नंतर, हा क्रम फायद्याचा ठरतो.

कोणत्या नोकऱ्या गावातून मिळू शकतात?

सगळ्याच नाही. आयटी, अभियांत्रिकी, लेखा, नर्सिंग, शिक्षण अशा क्षेत्रांत अर्ज ऑनलाइन घेतले जातात आणि पहिली मुलाखत फोनवर किंवा व्हिडिओवर होऊ शकते. अनुभव असेल तर काम आणखी सोपे होते.

दुकान, हॉटेल, गोदाम, वाहनचालक किंवा कारखान्यातील कंत्राटी हेल्पर अशा कामांसाठी मात्र माणूस बहुतेक वेळा समोर बघूनच घेतला जातो. अशा कामासाठी घरी बसून वाट पाहण्यात अर्थ नसतो. त्यासाठीचा मार्ग पुढे दिला आहे.

शोध कुठे घ्यावा?

- सरकारी पोर्टल: केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचे महास्वयम. दोन्हीकडे उमेदवाराची नोंदणी मोफत असते.
- रोजगार मेळावे: प्रत्येक जिल्ह्यातील कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र मेळावे भरवते. बाहेरच्या जिल्ह्यांतील कंपन्याही तिथे येतात. मुलाखत आपल्याच जिल्ह्यात झाली तर प्रवासाचा खर्च वाचतो.
- ॲप्रेंटिसशिप: आयटीआय झालेल्यांना राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेच्या पोर्टलवर, तर पदवी व पदविकाधारकांना 'नॅट्स'च्या पोर्टलवर कंपन्या दिसतात. काळ ठरलेला आणि स्टायपेंड मिळणारा, त्यामुळे नव्या शहरात पाय रोवायला हा चांगला मार्ग आहे.
- ओळखीची माणसे: गावातले, कॉलेजातले कोणी तिथे काम करत असेल तर जागा कधी निघतात आणि भरती कंपनी करते की ठेकेदार, हे त्यांच्याकडून कळते.

बायोडेटात पत्ता गावाचा, मग?

बाहेरगावचा पत्ता पाहून भरती करणाऱ्याला शंका येते: हा खरेच येईल का, आणि कधी? त्याचे उत्तर बायोडेटात वरच द्यावे. उदाहरणार्थ, "पुण्यात राहायला येण्याची तयारी; निवड झाल्यास १५ दिवसांत रुजू होऊ शकतो." पुण्यातल्या नातेवाइकाचा पत्ता आपला म्हणून देऊ नये. दुसऱ्याच दिवशी मुलाखतीला बोलावले तर पंचाईत होते.

प्रत्यक्ष मुलाखतीला जावे लागले तर एकाच फेरीत दोन-तीन मुलाखती बसवाव्यात. भोसरी-पिंपरी पट्ट्यातील अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, हे वार ठरवताना लक्षात ठेवावे.

ऑफर आली की काय तपासावे?

*पगार:* जाहिरातीत दिसतो तो आकडा बहुतेक वेळा सीटीसी, म्हणजे कंपनीचा एकूण खर्च असतो. वर्षाला ३ लाख सीटीसी म्हणजे महिन्याला २५,००० रुपये. मूळ वेतन १२,५०० धरले तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,५००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ६००, कर्मचाऱ्याचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० वजा होऊन हातात साधारण २१,२०० उरतात. कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम सीटीसीत धरली असेल तर आणखी कमी. खर्चाचा हिशोब या हातातल्या आकड्यावर करावा.

*ठिकाण:* "पुणे" एवढे पुरेसे नाही. हिंजवडी शहराच्या पश्चिमेला, खराडी पूर्वेला, चाकण नाशिक रस्त्यावर, तर रांजणगाव थेट अहिल्यानगर रस्त्यावर. खोली चुकीच्या टोकाला घेतली तर रोजचे काही तास प्रवासातच जातात. कंपनीची बस आहे का, ती कुठून सुटते आणि शिफ्ट कोणती, हे आधीच विचारावे.

*मालक कोण:* नियुक्तीपत्र कंपनीचे आहे की ठेकेदाराचे, हे नीट वाचावे. मुलाखत मोठ्या कंपनीच्या आवारात झाली, म्हणून नोकरी त्या कंपनीची असेलच असे नाही.

नियुक्तीपत्र लेखी हातात येईपर्यंत आधीच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये. नोकरी बदलली तरी पीएफचा १२ अंकी यूएएन क्रमांक तोच राहतो.

फसवणूक कशी ओळखावी?

दूरवरून नोकरी शोधणारा उमेदवार कार्यालय पाहू शकत नाही. फसवणारे नेमका याचाच फायदा घेतात.

- रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉप, गणवेश किंवा गेटपाससाठी आधी पैसे मागितले तर तिथेच थांबावे.
- मुलाखत न घेताच ऑफर लेटर आले, किंवा ईमेल कंपनीच्या पत्त्याऐवजी मोफत ईमेल सेवेवरून आला, तर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर फोन करून खात्री करावी.
- खासगी कंपनीची नोंदणी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येते. ती पीएफ भरते का, हे ईपीएफओच्या संकेतस्थळावर शोधता येते.
- मूळ गुणपत्रिका व प्रमाणपत्रे दाखवावीत, पण कोणाकडे ठेवू नयेत.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितका उशीर होईल, तितकी रक्कम अडवणे कठीण होते.

राहण्याची सोय

नोकरी पक्की झाली तरी पहिल्याच आठवड्यात फ्लॅट घेण्याची घाई नको. फ्लॅटसाठी दोन-तीन महिन्यांचे भाडे डिपॉझिट म्हणून आणि अनेकदा एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून द्यावे लागते. त्याऐवजी पहिला महिना कॉट बेसिसवर किंवा पीजीमध्ये काढावा. काम, शिफ्ट आणि सहकारी कळले की मग जागा ठरवावी. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे कायद्याने बंधनकारक आहे. ती जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी ऑनलाइनही होते.

नोकरीशिवाय जाणे भागच असेल तर?

काही कामे तिथे गेल्याशिवाय मिळत नाहीत. अशा वेळी कायमचे स्थलांतर न करता मुदतीची फेरी करावी:

१. राहण्याची जागा आणि परतीची तारीख आधी ठरवावी, उदाहरणार्थ १५ दिवस.
२. परतीचे भाडे वेगळे ठेवावे आणि त्याला हात लावू नये.
३. जाण्यापूर्वीच भेटायच्या कंपन्यांची आणि ओळखीच्या माणसांची यादी करावी.
४. गावातले काम किंवा शिकवणी असेल तर सोडण्याऐवजी सुट्टी घ्यावी.

मुदत संपूनही काम मिळाले नाही तर घरी परत यावे. त्यात कमीपणा नाही. उधारीवर दिवस काढत तिथेच राहिले तर पहिले काही पगार ती उधारी फेडण्यातच जातात. परतलेल्या उमेदवाराला मात्र कोणत्या भागात काय मिळते आणि किती पगारावर, हे कळलेले असते. पुढच्या वेळी अर्ज करताना ती माहिती कामी येते.