मुंडासं, हेल्मेट आणि गुडघ्याची वाटी

देगलूर नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेला चिकटून आहे. अकोल्याहून नांदेडमार्गे संगारेड्डीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ गावावरून जातो. तो सोडून कुठेही वळलं की आधी अरुंद डांबर लागतं, मग मुरूम आणि शेवटी काळ्या मातीची पांदण. पावसाळ्यात ही माती टायरला अशी धरते की मडगार्ड आणि टायर यांच्यात बोट जायला जागा उरत नाही आणि चाक फिरायचं थांबतं. उन्हाळ्यात तीच वाट भेगाळते, वर पीठासारखा फुफाटा. एकाच दिवसात, एकाच गाडीवर, हे सगळं.

अशा दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवर चालणाऱ्या मोटरसायकलीला इंग्रजीत ‘ड्युअल-स्पोर्ट’ म्हणतात. यामाहाने १९६८ साली डीटी-१ काढली आणि अमेरिकेत हा प्रकार लोकप्रिय झाला; बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये आर ८० जी/एस आणून त्याला लांब पल्ल्याच्या प्रवासाची जोड दिली. आमच्या भागात मात्र एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ ही पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बेतलेली मोटरसायकल १९६० च्या दशकापासूनच दुधाचे कॅन, खताची पोती आणि तीन माणसं घेऊन पांदणीतून जात होती. त्याला खेळ म्हणावं असं कोणाला वाटलं नाही, एवढाच काय तो फरक. पुढे २०११ मध्ये हिरोची इम्पल्स, २०१६ मध्ये रॉयल एन्फिल्डची हिमालयन आणि २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली. आता आमच्या तालुक्यातली पोरंही या गाड्या घेतात, आणि घेतल्यावर मला विचारतात की काका, अंगावर काय घालू, आणि किती रुपयांत भागेल? मी त्यांना दुकानाचं नाव सांगण्याआधी या वस्तू कुठून आल्या ते सांगत बसतो. ती कंटाळतात. पण माझ्या मते पैसे कुठे घालायचे याचं उत्तर त्या इतिहासातच आहे.

आधी आपल्याकडे काय होतं? माझ्या वडिलांच्या पिढीतला राजदूतवाला डोक्याला मुंडासं किंवा रुमाल, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, धोतर किंवा पायजमा आणि पायात चप्पल अशा वेशात गाडी चालवी. गुरुजी आणि तलाठी पँट घालत, डोळ्यांना काळा चष्मा. थंडीत कानाला मफलर. पोशाख नीट विचार करूनच बनलेला होता, पण तो विचार उन्हाचा आणि धुळीचा होता. पडण्याचा विचार त्यात कुठेच नव्हता. बैलगाडीवरून आणि घोड्यावरून पडणाऱ्या समाजाला तो फारसा लागलाही नसावा.

पडण्याचा विचार पहिल्यांदा केला तो डॉक्टरांनी. इंग्लंडमध्ये ब्रूकलँड्स नावाची शर्यतीची धावपट्टी होती. तिथले वैद्यकीय अधिकारी डॉ. एरिक गार्डनर यांनी डोकं फुटलेले स्वार पाहून पाहून कॅनव्हास आणि लाखेचं एक शिरस्त्राण बनवून घेतलं, आणि १९१४ च्या आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत ते सक्तीचं झालं. शर्यतीबाहेरच्या माणसाला मात्र त्याचं काही देणंघेणं नव्हतं. मग १३ मे १९३५ रोजी टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, आपल्या ब्रफ सुपीरियर गाडीवरून जाताना सायकलवरच्या दोन मुलांना चुकवायला गेला आणि फेकला गेला. सहा दिवस बेशुद्ध राहून तो वारला. त्याच्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मूळचे ऑस्ट्रेलियातले मेंदूशल्यविशारद होते. केर्न्सनी त्यानंतर मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती मोजायला घेतल्या. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि निरोप पोचवणारे लष्करी स्वार ब्लॅकआउटमधल्या अंधाऱ्या रस्त्यांवर पटापट मरू लागले. १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केर्न्सचा निबंध आला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसणारे रस्त्यावर मेले होते. त्यांनी तपासलेल्या जखमींमध्ये हेल्मेट घातलेले फक्त सात निघाले, आणि ते सातही वाचले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश लष्कराने ड्युटीवरच्या सगळ्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

सात हा आकडा लहान आहे, आजच्या संख्याशास्त्रज्ञाला तो पुरणार नाही. पण इथे हुकूम मोजणीनंतर आला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तरीही ते हेल्मेट आजच्यासारखं नव्हतं. लगद्याचं कवच आणि आत पट्ट्यांची जाळी. खरा बदल अमेरिकेत झाला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले लोम्बार्ड हे विमानचालकांच्या डोक्यांचा अभ्यास करत होते. बाहेर कठीण कवच आणि आत चिरडला जाणारा थर, या रचनेचं पेटंट त्यांना १९५३ मध्ये मिळालं. आज तो थर बहुतेक हेल्मेटांत आपल्या ओळखीच्या थर्माकोलचा असतो, फक्त जास्त घट्ट. काम सगळं तोच करतो. डोकं थांबायला जो क्षण लागतो तो थोडा लांबवायचा, आणि त्या बदल्यात स्वतः चिरडून जायचं. चिरडलेला थर्माकोल परत फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट, वरून कितीही चकचकीत दिसलं तरी, टाकून द्यायचं. पांदणीत पडून उठलेल्या पोराला हे पटवणं सगळ्यात अवघड जातं, कारण त्याच्या दृष्टीने हेल्मेटने ‘चांगलं काम दिलेलं’ असतं.

ही गोष्ट आपल्याकडे आली ती कायदा म्हणून. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आमच्याच देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं पलीकडे आंध्रात गेली. त्या आंध्र प्रदेशाने मोटर वाहन नियमांत हेल्मेट सक्तीचं केलं, त्याला आव्हान दिलं गेलं, आणि ऑगस्ट १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजय कानू खटल्यात तो नियम उचलून धरला. हेल्मेटमुळे संचारस्वातंत्र्यावर गदा येते हा युक्तिवाद न्यायालयाला मान्य झाला नाही. त्याच वर्षीच्या केंद्रीय मोटर वाहन कायद्याचं कलम १२९ पुढे देशभर लागू झालं. महाराष्ट्रात त्यानंतर काय झालं ते वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुण्यात हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती, मोर्चे. २०१६ मध्ये परिवहन मंत्री दिवाकर रावते यांची ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ ही घोषणा. १ जानेवारी २०१९ पासून पुणे पोलिसांची कारवाई आणि पुन्हा आंदोलन. इतकी वर्षं मराठीत हेल्मेटवर भरपूर लिहिलं गेलं, पण त्यातलं बहुतेक सगळं सक्तीबद्दल. आतल्या थर्माकोलबद्दल मी तरी फारसं वाचलेलं नाही. गंमत अशी की देशातल्या मोठ्या हेल्मेट कंपन्यांपैकी वेगा ही सीमाभागातल्या बेळगावची.

परिणाम व्हायचा तोच झाला. हेल्मेट म्हणजे पोलिसाला दाखवायची वस्तू. चौकाच्या अलीकडे डोक्यावर, पलीकडे आरशावर. रस्त्याच्या कडेला दोनशे-अडीचशे रुपयांत मिळणारी टोपी, जिच्या आत थर्माकोलऐवजी स्पंजाचा पातळ तुकडा, तीही दंड टाळायला पुरत होती. १ जून २०२१ पासून बीआयएसचा शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं गुन्हा झालं, तरी अशा टोप्या गेलेल्या नाहीत. आणि सगळ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं: गावातल्या गावात, पांदणीत कशाला हेल्मेट? तिथे कुठे वेग असतो?

याचं उत्तर हॅरी हर्ट यांनी १९८१ मध्ये देऊन ठेवलं आहे. त्यांच्या चमूने लॉस एंजेलिस भागातले ९०० मोटरसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले. धडकेच्या क्षणीचा मध्यक वेग निघाला ताशी २१.५ मैल, म्हणजे साधारण ३५ किलोमीटर. राजदूत तिसऱ्या गिअरमध्ये मुरमावर तेवढीच जाते. आमच्या गल्लीतले एक गुरुजी शाळेतून परतताना ओल्या वळणावर घसरले. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता, अंगावर रक्त नव्हतं. डोकं मैलाच्या दगडावर आपटलं होतं. नांदेडला पोचेपर्यंत ते गेले. तेव्हा सगळे म्हणाले, वेग तर काहीच नव्हता. उभ्या उंचीवरून पडलेल्या डोक्याला गाडीच्या वेगाची गरज नसते, हे मला फार नंतर वाचून कळलं.

कायद्याने फक्त डोकं धरलं. मानेखालचं सगळं ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिलं, आणि ती बाजारपेठ इतर देशांच्या हवामानातून आली. जाकिटाचंच बघा. बार्बर कंपनीने १९३६ मध्ये आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या शर्यतीसाठी मेण लावलेल्या कापडाचा सूट काढला. आजच्या लांब, चार खिशांच्या ‘अॅडव्हेंचर’ जाकिटाचा तो आजा. तो बनला इंग्लंडच्या पावसासाठी. पडल्यावर वाचवण्यासाठी नाही. खांद्या-कोपरांत संरक्षक पॅड घालून त्यांची चाचणी घ्यायची पद्धत युरोपात १९९७ च्या ईएन १६२१-१ मानकाने रूढ केली. साधारण पाच किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पॅडवर टाकायचं आणि खाली किती जोर पोचतो ते मोजायचं. पस्तीस किलोन्यूटनच्या आत राहिला तर लेव्हल १, वीसच्या आत राहिला तर लेव्हल २. कापडाची प्रतवारी आणखी अलीकडची, ईएन १७०९२ ची, ए, एए आणि एएए. फिरत्या यंत्रावर कापड धरून ते काँक्रीटवर सोडतात आणि घासून भोक पडतं का बघतात. ढोबळमानाने अनुक्रमे ताशी ४५, ७० आणि १२० किलोमीटरचा वेग धरून.

म्हणजे एएए प्रतीचं जाड कातडी जाकीट मोटारमार्गावरून घसरत जाणाऱ्या माणसासाठी आहे. पांदणीत माणूस लांब घसरत नाही. तो जागच्या जागी, आडवा, कशावर तरी आपटतो. त्याला कापडाच्या जाडीपेक्षा खांदा, कोपर आणि गुडघ्याच्या वाटीवरचं पॅड जास्त उपयोगी. म्हणून मी जाळीचं, ए किंवा एए प्रतीचं जाकीट आणि त्यात लेव्हल २ चे पॅड सुचवतो. बरीच जाकिटं लेव्हल १ चे पॅड घालून विकतात आणि पाठीच्या जागी नुसता फोम असतो. तो काढून खरा पॅड घालायला लागतो. दुकानात खिसे आणि रंग बघण्याआधी अस्तर उघडून पॅडवरचा छापा वाचावा.

आता ऊन. “काका, एवढ्या उन्हात हे सगळं घालून कसं काय फिरायलाव तुम्ही?” हा प्रश्न मला चहाच्या टपरीवर दर मे महिन्यात येतो, आणि तो रास्त आहे. आमच्याकडे पारा ४२ च्या वर जातो. पण आपल्या कातडीचं तापमान पस्तीसच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम झाली की अंगावर येणारा वारा थंड करायच्या ऐवजी भाजतो आणि घाम कामाला येण्याआधीच वाळवून टाकतो. शेतकऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मुंडासं याचसाठी होतं. आतला सुती बनियन ओला करून वर जाळीचं जाकीट घातलं की कोरड्या उन्हात अर्धा-पाऊण तास बरा जातो, मग पुन्हा पाणी. ओल्या उपरण्याचीच ही युक्ती. जुलैतल्या दमट हवेत ती चालत नाही, तेव्हा नुसतं सोसावं लागतं.

हातमोजे आणि बूट यांबद्दल थोडक्यात. पडताना हात आपोआप पुढे जातो, म्हणून तळव्याला दुहेरी थर असलेले मोजे. बुटांकडे मात्र आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. डांबराबाहेर गाडी सावकाश कलते, स्वार पाय टेकवतो आणि दीडशे-दोनशे किलो वजन घोट्यावर येतं. इटलीतल्या असोलो गावात १९६३ साली सुरू झालेल्या अल्पाइनस्टार्सने डोंगरी बुटांच्या अनुभवातून मोटोक्रॉसचे बूट बनवायला घेतले ते या नेमक्या दुखण्यावर. तसे बूट इथे कोणाला परवडणार? पण घोट्याच्या वर जाणारा, कडक तळाचा, पुढे लोखंडी टोपी असलेला कामगारी बूट हजार-दीड हजारात मिळतो. चपलेच्या तुलनेत तो पुष्कळ आहे.

अगदी वरच्या टोकाला हवेच्या पिशवीचं जाकीट आहे. २०२१ च्या डकार शर्यतीत ते सक्तीचं झालं. त्याच शर्यतीत बेंगळुरूचा सी. एस. संतोष, २०१५ मध्ये डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय, सौदी अरेबियात पडला, डोक्याला मार लागला, डॉक्टरांनी त्याला औषधाने बेशुद्धीत ठेवलं. पुढे तो बरा झाला. पोरं मोबाइलवर ते जाकीट दाखवून विचारतात. मी म्हणतो, आधी हेल्मेट. आपल्या डोक्याला घट्ट बसणारं, गाल किंचित दाबणारं, पट्टा लावून मागून वर ढकललं तरी न निघणारं, पूर्ण तोंड झाकणारं आणि आयएसआयचा शिक्का असलेलं. डोळ्यांवर सावली देणारी पुढची झडप असेल तर पांदणीत बरी, महामार्गावर मात्र वारा तिला धरून मान ओढतो. मग बूट. मग गुडघ्याच्या वाट्या, पँटच्या वरून पट्ट्याने बांधायच्या, हजारभर रुपयांच्या. मग मोजे. जाकीट पुढच्या सोयाबीनच्या पैशांत.