इंदूरचा मतदारसंघ : रेषा आणि कौल

बांध कोरला गेला म्हणून भाऊबंद एकमेकांवर फिर्यादी करतात, आणि आम्हां वकिलांची निम्मी हयात असल्या हद्दींच्या नकाशांवर वाकून सरते. परंतु ज्या हद्दीवर आपल्या मताचे वजन अवलंबून असते, त्या मतदारसंघाच्या हद्दीची चौकशी करावयास मात्र क्वचितच कोणी येतो. म्हणून आज आम्ही एका शहराच्या मतदारसंघाचा नकाशा वाचकांपुढे उलगडून ठेवीत आहोत. ते शहर इंदूर. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी झालेले हे नगर मराठी वाचकांस परके नाही. मराठी घराणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत.

१९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा इंदूर मध्य भारत राज्यात होते; १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य मध्य प्रदेशात विलीन झाले. आजच्या इंदूर लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे आठ मतदारसंघ येतात : शहराचे क्रमांक १ ते ५, २००८ च्या परिसीमनात नव्याने निर्माण झालेला राऊ, ग्रामीण देपालपूर, आणि अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला सांवेर. जिल्ह्यातील नववा मतदारसंघ महूचा. तो मात्र धार ह्या अनुसूचित जमातींसाठी राखीव लोकसभा मतदारसंघास जोडला आहे. ज्या छावणीत १८९१ साली घटनेच्या शिल्पकाराचा जन्म झाला, तेथील रहिवाशांचा जिल्हा इंदूर, पण खासदार धारचा!

ही रेषा आखतो परिसीमन आयोग. त्याच्या आदेशाविरुद्ध न्यायालयात जाण्याची वाट घटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदाने अडविली आहे. ह्या अनुच्छेदाचा कस इंदूरच्या शेजारीच लागला. उज्जैनचा मतदारसंघ राखीव ठरविला गेला, तेव्हा तेथील एक रहिवासी दाद मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६६ च्या मेघराज कोठारी खटल्यात न्यायालयाने त्यास रिकाम्या हाती परत पाठविले. हद्दींचे वाद कोर्टात रेंगाळत राहिले तर निवडणुकाच खोळंबतील, हा त्यामागील विचार. २०२४ साली त्याच न्यायालयाने, उघड मनमानी असेल तर हे दार अगदीच बंद नाही, असे सांगितले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता वजनाची गोष्ट. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतील जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठविली, आणि पुढे ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबविली. २००८ साली रेषा हलल्या; संख्या हलली नाही. परिणाम असा की २०२४ साली इंदूरच्या सुमारे २५ लक्ष मतदारांस एकच खासदार होता, तर गोमंतकातील १२ लक्षांहूनही कमी मतदारांस दोन. ह्यात गोमंतकाचा दोष नाही. साठ लक्षांपर्यंत लोकवस्तीच्या राज्यांना घटनेनेच प्रमाणाच्या नियमातून वगळले आहे. तरीही दोन्हीकडच्या वाचकांनी आपापले मत एकदा तराजूत घालून पाहावे.

कौलाचा इतिहास पाहू गेल्यास पहिल्या दोन निवडणुका काँग्रेसच्या : १९५२ मध्ये नंदलाल जोशी व १९५७ मध्ये कन्हैयालाल खादीवाला. १९६२ साली मात्र गिरणी कामगारांचे पुढारी, कम्युनिस्ट होमी दाजी अपक्ष म्हणून उभे राहिले आणि निवडून आले. भोंग्यांच्या त्या शहराने आपले मन मोकळेपणाने बोलून दाखविले होते. १९६७ मध्ये प्रकाशचंद्र सेठी आले, १९७७ च्या लाटेत जनता पक्षाचे कल्याण जैन, आणि १९८० व १९८४ मध्ये पुन्हा सेठी. १९८९ साली चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्रा महाजन ह्यांनी ह्या माजी मुख्यमंत्र्यांस व माजी केंद्रीय गृहमंत्र्यांस हरविले. 'ताई' मग २०१४ पर्यंत ओळीने आठ वेळा निवडून आल्या आणि लोकसभेच्या अध्यक्षही झाल्या. मराठी मते इंदुरात अल्पसंख्य. तेव्हा हा विश्वास भाषेच्या कुंपणापलीकडून आलेला होता, ह्याचे आम्हांस विशेष अगत्य वाटते.

नव्या रेषांवरील पहिल्या निवडणुकीत, २००९ साली, त्यांचे मताधिक्य होते अवघे ११,४८०. त्याच रेषांवर २०२४ साली शंकर लालवानी विजयी झाले ते ११,७५,०९२ मतांच्या अंतराने. रेषा तीच, अंतर शंभरपट! कारण नकाशात सापडत नाही. २९ एप्रिल २०२४ रोजी, माघारीच्या अखेरच्या दिवशी, काँग्रेसच्या उमेदवाराने आपला अर्ज मागे घेतला. पक्षाने मतदारांस 'नोटा'चे बटण दाबण्याचे आवाहन केले, आणि २,१८,६७४ जणांनी ते दाबले. सात मतांत जवळजवळ एक! दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारास ५१,६५९ मते मिळाली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयाने मिळालेली ही 'नोटा'ची मते मोजली जातात. निकालात मात्र त्यांना किंमत नाही.

येथे आमच्यातील वकील अस्वस्थ होतो. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानापूर्वी मरण पावला, तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ५२ वे कलम मतदान पुढे ढकलते आणि पक्षास दुसरा उमेदवार देण्यास सात दिवसांची मुदत देते. उमेदवाराने शेवटच्या घटकेस पाठ फिरविली, तर मात्र कायदा मूग गिळून बसतो. अशी सवलत दिल्यास पक्ष मुद्दाम माघारी घडवून निवडणुका लांबवितील, हा आक्षेप आम्ही जाणतो, आणि तो पोकळ नाही. परंतु माघार व छाननी ह्यांच्या तारखांत थोडी जागा ठेवून पक्षास एकदाच बदली उमेदवार देऊ देणे कायदेमंडळाच्या बुद्धीपलीकडचे नाही.

उमेदवाराची माघार हा त्याचा हक्क आहे, हे आम्ही मान्य करतो. पण निवड हा मतदाराचा हक्क आहे. पुढील जनगणनेनंतर इंदूरच्या रेषा पुन्हा आखल्या जातील, कदाचित मताचे वजनही सुधारेल. बांध सरळ झाला, तरी शेतात पेरणीच झाली नाही तर मोजणीदाराचा काय उपयोग?