मावशीचे मन

धंतोलीत गल्लोगल्ली दवाखाने आहेत. त्या दवाखान्यांत आयाला नाव नसते. ती सगळ्यांचीच 'मावशी' असते. माझी आई तीस वर्षे अशी मावशी होती. तिच्या पगारावर आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर झालो आणि आज महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पण मी शिकवतो त्या इतिहासात मावशी नाही.

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. ४ फेब्रुवारीला इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला आणि अधिकाऱ्यांना अमर्याद सत्ता दिली. त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले हडपसरजवळ डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात रुग्ण आणीत होत्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतला पांडुरंग गायकवाड हा मुलगा त्यांनी पाठीवर घालून आणला. मुलगा वाचला, १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. आपण या मरणाला त्याग म्हणतो, आणि ते खरेच आहे. परंतु त्यागाची पूजा मांडली की सेवा करणाऱ्यालाही भीती वाटते, हे विसरणे सोपे जाते.

नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी सापडला. २२ मार्चला देशाने थाळ्या वाजविल्या. पुढे आरोग्यसेवकांसाठी ५० लाखांचा विमा आला. एप्रिलच्या वटहुकमाने त्याच १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन त्यांच्यावरील हल्ल्याला पाच वर्षांपर्यंत कैद ठरली. म्हणजे देहाला कायदा आणि मरणाला विमा मिळाला. मन मात्र कोणाच्याच हिशेबात आले नाही.

त्याच दिवसांत आमच्या वस्तीच्या नळावर आईची बादली काठीने बाजूला सरकविण्यात आली. महाडच्या तळ्याला ९३ वर्षे झाली होती. आणि ती काठी धरणारा हात आपल्याच माणसाचा होता. हे लिहिताना लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये ती प्रेते बांधून घरी येई आणि अंगणात आंघोळ करी. रात्री दचकून उठे. विचारले तर म्हणे, "मले काय धाड भरली?" उपचाराचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तिलाही दिला होता. पण कंत्राटावरच्या बाईचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. रडायलाही रजा लागते, हे मला तेव्हा कळले.

दुःख आहे हे मान्य करणे ही बुद्धाच्या धम्माची पहिली पायरी. आपल्या चळवळीने भाकरीचे आणि अपमानाचे दुःख जगापुढे मांडले. आता या न बोललेल्या दुःखाचीही नोंद करावी लागेल. सुरुवात लहान आहे. परवा आईला विचारले, "त्या दिवसांत तुला काय वाटत होतं?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजवर कोणी इचारलंच नाही."

मीही विचारले नव्हते.