व्हिडिओ गेममधल्या चाली कोठे गेल्या?

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी टीव्हीला जोडून खेळलेल्या व्हिडिओ गेमची चाल आज चाळिशी ओलांडलेल्या माणसाला सहज गुणगुणता येते. त्याच्याच मुलाला काल रात्री तीन तास खेळलेल्या गेममधले संगीत विचारावे, तर ‘छान होते’ यापलीकडे त्याला फारसे सांगता येत नाही. यावर चाळिशीतल्या मंडळींचा निष्कर्ष ठरलेला असतो : पूर्वीचे संगीतकार गुणी होते, आताचे नाहीत. चित्रपटगीतांबद्दलही असेच बोलले जाते आणि त्यात गाण्याचा दोष किती व बोलणाऱ्याच्या वयाचा वाटा किती, हे ठरवणे अवघड असते. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र एक सोय आहे. हा सारा इतिहास जेमतेम पन्नास वर्षांचा आहे आणि त्यातल्या प्रत्येक टप्प्यावर यंत्राला काय जमत होते व काय जमत नव्हते, हे आकड्यांत मांडता येते. तेव्हा संगीतकारांच्या गुणावगुणांचा न्याय करण्याआधी आपण यंत्राकडे पाहू.

सुरुवातीची यंत्रे गाऊच शकत नव्हती, असे म्हटले तर ते फार चूक ठरणार नाही. १९७७ साली अमेरिकेत आलेल्या अटारी २६०० या घरगुती यंत्रात आवाजाच्या दोनच वाटा होत्या. स्वर तयार करण्याची रीतही साधी होती : एका ठरावीक मूळ वारंवारतेला १ ते ३२ यांपैकी एका पूर्णांकाने भागायचे. भागाकार येईल तो स्वर. वर्गात करून पाहण्याजोगे हे गणित आहे. ३० ने भागून येणाऱ्या स्वराला आपण सा मानू. शुद्ध गांधाराची वारंवारता षड्जाच्या ५/४ पट असते, म्हणजे भाजक २४ हवा, तो आहे. पंचमासाठी (३/२ पट) २०, धैवतासाठी (५/३ पट) १८, निषादासाठी (१५/८ पट) १६ आणि वरच्या षड्जासाठी १५. इथवर ठीक. पण मध्यम ४/३ पट असतो. त्याला भाजक हवा २२.५, आणि यंत्राला अपूर्णांक ठाऊक नाही. २२ घेतला तर मध्यम चढतो, २३ घेतला तर उतरतो. ऋषभाचेही तसेच : ९/८ साठी भाजक येतो २६.६७. षड्ज दुसरीकडे हलवला तर वेगळे स्वर बिघडतात. विद्यार्थ्यांनी २४ ने भागून येणारा स्वर षड्ज धरून हेच गणित करावे; मध्यम आणि पंचम सापडतील, पण गांधार हरवेल. अशा पेटीवर चाल बांधणारा माणूस मुळात कोणते स्वर वापरायचे नाहीत, याचाच विचार आधी करणार.

म्हणून त्या काळातले सर्वांत परिणामकारक ‘संगीत’ चारच स्वरांचे होते. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी तैतो कंपनीसाठी ‘स्पेस इनव्हेडर्स’ हा गेम केला. त्यात परग्रहावरच्या शत्रूंची रांग खाली उतरत येते आणि चार खर्जातले उतरते ठोके अखंड वाजत राहतात. शत्रू कमी होतील तशी उरलेल्यांची चाल जलद होते, कारण यंत्राला कमी आकृत्या रंगवाव्या लागतात. आणि त्याबरोबर ठोकेही जलद होतात. खेळणाऱ्याच्या छातीचे ठोकेही त्यांच्यामागे धावत असणार!

१९८३ साली निन्टेंडो कंपनीचे फॅमिकॉम आले आणि चित्र बदलले. यातल्या चिपमध्ये आवाजाच्या पाच वाटा होत्या. दोन वाटांवर चौकोनी लाटा निघत, तिसरीवर त्रिकोणी लाट, चौथीवर नुसता खरखराट. पाचवीवर मुद्रित आवाजाचे छोटे तुकडे वाजवता येत, पण ते जागा खात, म्हणून जपून वापरले जात. स्वरांच्या वाटांसाठी भाजक ११ बिटांचा होता, म्हणजे ३२ ऐवजी २,०४८ पर्याय. आता सूर जवळपास जागच्या जागी लागू लागले. चौकोनी लाटेचा आवाज बासरी-सनईसारखा रंगतदार नसतो. तो धारदार, काहीसा नाकातला असतो, पण गोंगाटातूनही स्पष्ट ऐकू येतो. त्रिकोणी लाट मऊ आणि तिचा जोर कमी-जास्त करण्याची सोयच नाही. म्हणून तिच्याकडे खर्ज देत. खरखराट छोट्या तुकड्यांत तोडला की झाला ताल.

या चिपसाठी लिहिलेली सर्वांत प्रसिद्ध चाल ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) या गेमची. संगीतकार कोजी कोन्डो यांचा जन्म १९६१ चा, म्हणजे तेव्हा ते ऐन पंचविशीच्या आतबाहेर. आता या गेमचे आकारमान पाहा : चित्रे, नियम, सर्व टप्पे आणि संगीत धरून एकूण ४० किलोबाइट, म्हणजे ४०,९६० बाइट. कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदाच्या ध्वनीला ४४,१०० × २ × २ = १,७६,४०० बाइट लागतात. अख्खा गेम डिस्कवरच्या ध्वनीच्या हिशेबात पाव सेकंदाचाही नाही!

मग त्यात संगीत मावले कसे? उत्तर आपल्याला परिचयाचे आहे. त्या कार्ट्रिजमध्ये ध्वनिमुद्रण नव्हतेच, स्वरलिपी होती. कोणता स्वर, किती वेळ, कोणत्या वाटेवर, एवढेच लिहिलेले असे आणि गाण्याचे काम चिप करी. भातखंड्यांच्या पुस्तकात बंदीश अर्ध्या पानात मावते, तिचे ध्वनिमुद्रण करायचे तर फीत लागते. तोच हा फरक.

स्वरलिपीलाही जागा लागतेच. म्हणून चाल लहान ठेवायची आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून वाजवायची, असा रिवाज पडला. तालाचे आवर्तन फिरावे तशी ती फिरत राही. त्यात एक गंमत अशी, की मूल खेळताना वारंवार हरते. हरले की टप्पा पुन्हा पहिल्यापासून आणि संगीतही पुन्हा पहिल्यापासून. चालीचा शेवट क्वचित कानांवर पडे, सुरुवात मात्र शेकडो वेळा. पाढा म्हणताना अडखळलेल्या मुलाला आपण पुन्हा ‘एके’पासून सुरू करायला लावतो, तेव्हा पाढ्याची सुरुवात पक्की होते, तसेच हे. घोकंपट्टीची इतकी कसून व्यवस्था कोणा शिक्षणतज्ज्ञाला सुचली नसती, आणि कोन्डो यांनाही ती मुद्दाम करावी लागली नाही. खेळाच्या रचनेनेच ती केली.

दुसरे कारण वाटांच्या टंचाईत आहे. उडी, नाणे, फटका यांचे आवाज याच वाटांवरून काढायचे असत. उडीचा आवाज आला की संगीताची एक वाट तेवढा वेळ गप्प होई. चाल अशी हवी की मधले स्वर गळाले तरी ओळखू यावी. वाद्यवृंदाचा भरदार आवाज, ध्वनीचा पोत, दोन-तीनशे आवाजांचा गजर यांपैकी संगीतकाराजवळ काहीच नव्हते. श्रोत्याला धरून ठेवायला एकच साधन उरले होते, ते म्हणजे स्वरांचा क्रम. आणि माणसाला गुणगुणता येतो तोही नेमका स्वरांचा क्रमच. वाद्यवृंदाचा पोत गुणगुणता येत नाही.

युरोपात कमोडोर ६४ (१९८२) या संगणकावरही अशीच कसरत चालू होती. रॉबर्ट यानेस यांनी केलेल्या त्याच्या चिपमध्ये तीनच आवाज होते. तीन स्वर एकदम वाजवायचे तर तिन्ही आवाज खर्ची पडणार. म्हणून रॉब हबर्ड, मार्टिन गॅल्वे यांसारखे संगीतकार एकाच आवाजावर ते तीन स्वर सेकंदाला सुमारे पन्नास वेळा पालटत ठेवत. कानाला वाटे, स्वरसंघात वाजतो आहे. त्या संगीताचा ओळखीचा थरथराट या युक्तीतून जन्मला.

आपल्याकडे १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या स्वस्त नकला आल्या. त्यांच्या कार्ट्रिजला घरोघरी ‘कॅसेट’ म्हणत आणि एकेका कॅसेटवर हजारो गेम असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात तेच ते दहा-वीस पुन्हा पुन्हा निघत. निन्टेंडोचे नावही न ऐकलेल्या मुलांना त्यामुळे मारिओची चाल पाठ झाली. यंत्र बंद केल्यावर, वीज गेल्यावर, शाळेच्या रस्त्यावरही जे मुलाबरोबर राही, ते त्या खेळातले एवढेच. आमच्या मते या तक्रारीतले खरे मोल येथे आहे. चाल ही खेळातून फुकट घरी नेता येणारी वस्तू होती, आणि ती नाहीशी होत असेल तर का, हे विचारणे रास्त आहे.

बदल एका दिवसात झाला नाही. १९९० साली निन्टेंडोच्या पुढच्या यंत्रात सोनी कंपनीच्या केन कुतारागी यांनी बनवलेली ध्वनिचिप आली. आठ वाटा, खऱ्या वाद्यांचे मुद्रित तुकडे, पण त्यासाठी स्मृती ६४ किलोबाइट. टंचाई होतीच. याच कुतारागींच्या पुढाकाराने १९९४ साली प्लेस्टेशन निघाले. त्यात गेम डिस्कवर असे. आता स्वरलिपीची गरज नव्हती, वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण सरळ वाजवता येत होते. तरीही नोबुओ उएमात्सु यांनी ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) चे संगीत मुख्यतः यंत्राच्या चिपकडूनच गाऊन घेतले. चाली पूर्वीसारख्याच फिरत राहिल्या आणि लोकांच्या लक्षात राहिल्या. म्हणजे केवळ डिस्क आली आणि चाल मेली, असे सोपे समीकरण मांडता येत नाही.

खरा पालट आमच्या मते वेगळ्या दिशेने आला. ध्वनिमुद्रण हे आपल्या गतीने चालते. खेळणारा आपल्या मर्जीने. तो दार उघडतो तेव्हा संगीत कोठेही असू शकते. १९९१ साली लुकासआर्ट्स कंपनीत मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी ‘आयम्यूज’ नावाची पद्धत तयार केली. ‘मंकी आयलंड २’ या गेममध्ये तिचा प्रथम वापर झाला. खेळणारा एका खोलीतून दुसरीत गेला की संगीत योग्य जागा पाहून वळण घेई, तबलजीने गायकाचा इशारा ओळखून ठेका बदलावा तसे. येथून पुढे खेळणारा जाईल तसे संगीत त्याच्यामागे जाऊ लागले.

याचा चालीवर काय परिणाम होतो, हे ‘रेड डेड रिडेम्प्शन’ (२०१०) या गेममध्ये स्वच्छ दिसते. बिल एल्म आणि वुडी जॅक्सन यांनी त्याचे संगीत सुट्या थरांत केले. घोडेस्वारी, पाठलाग, गोळीबार यांप्रमाणे थर चढवायचे किंवा उतरवायचे. कोणताही थर कोणत्याही थरावर बसावा म्हणून संगीत एकाच स्वराधारावर आणि मिनिटाला १३० ठोक्यांच्या एकाच लयीत बांधले. ही करामत सुंदर आहे. पण जे सर्वांशी जुळवून घेते, ते स्वतःचे फार काही बोलू शकत नाही. ठाशीव चाल मधेच तोडली तर खटकते. मंद सुरांचा थर कोठेही तोडला तरी चालतो. म्हणून ठाशीव चालच टाळली जाते. शिवाय आता खेळ पन्नास-शंभर तास चालतो. दीड मिनिटाची मारिओची चाल तेवढा वेळ फिरवली तर घरातली माणसे यंत्र उचलून बाहेर ठेवतील. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’च्या पहिल्या गेममध्ये (१९८६) माळरानावर कोन्डो यांची वीरश्रीयुक्त चाल अखंड वाजत असे, याच मालिकेतल्या २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये माळरानावर वारा ऐकू येतो आणि अधूनमधून पियानोचे चार-दोन स्वर. हे काम ज्यांनी केले, त्यांना चाल सुचत नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना काम वेगळे दिले होते.

तुलना करताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. जुन्या काळचे रटाळ, कर्कश संगीत विस्मरणात गेले आहे, आणि त्याचे प्रमाण थोडे नव्हते. आपण निवडक जुन्याची तुलना सरसकट नव्याशी करतो. दुसरे म्हणजे काही चाली आधीच पारखलेल्या होत्या. १९८९ च्या गेम बॉयवरील ‘टेट्रिस’ची प्रसिद्ध चाल ‘कोरोबेइनिकी’ या रशियन लोकगीताची. ती कितीतरी पिढ्यांच्या कानांतून गाळून आलेली होती. नव्यातही अपवाद सापडतात : ‘हेलो’ (२००१) मधला समूहस्वर, किंवा टोबी फॉक्स या तरुणाने गेम रचताना स्वतःच केलेले ‘अंडरटेल’ (२०१५) चे संगीत. फॉक्स यांनी तर जुन्या चिपचा आवाज मुद्दाम जवळ केला.

डोक्यात घोळत राहणाऱ्या गाण्यांवर केली जाकुबोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ३,००० लोकांना विचारून त्यांनी अशी गाणी गोळा केली. ती बहुधा जलद लयीची निघाली. स्वरांचा चढउतार ओळखीच्या वळणाचा, पण मधेच एखादी अनपेक्षित उडी किंवा नेहमीपेक्षा जास्त पुनरावृत्ती. फॅमिकॉमच्या संगीतकारांची ही जवळजवळ कार्यपद्धतीच होती. मात्र स्मरणात राहण्याचा हा एकच मार्ग नव्हे, हे ‘माइनक्राफ्ट’ने दाखवले. डॅनियल रोझेनफेल्ड यांचे त्यातले संगीत संथ आहे, त्यात ठाशीव चाल नाही आणि ते फिरत राहत नाही. बराच वेळ शांतता असते, मग एखादी रचना येते आणि विरून जाते. पण रचना थोड्या आणि मुले तो खेळ वर्षानुवर्षे खेळतात. आवर्तन येथेही आहे, फक्त ते मिनिटांचे नसून महिन्यांचे आहे.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांची एक राष्ट्रीय नोंदवही आहे. २०२३ साली तिच्यात व्हिडिओ गेमच्या संगीताला प्रथमच स्थान मिळाले. ती नोंद कोन्डो यांच्या मारिओच्या चालीची होती. दोन वर्षांनी, २०२५ साली, त्याच नोंदवहीत रोझेनफेल्ड यांच्या ‘माइनक्राफ्ट’च्या संगीताचा २०११ सालचा संग्रह दाखल झाला.