कावसजीचं नाक

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. वाक्प्रचारांच्या तासाला 'नाक कापणे' आलं की माझं काम हलकं होतं, कारण उर्दूतला 'नाक कटना' त्याचा सख्खा भाऊ आहे. मागे एकदा हा वाक्प्रचार समजावताना मी मुलांना पुण्याच्या कावसजीची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, पण नाक टिपू सुलताननेच कापलं होतं ना?"

वर्ग गप्प झाला. आमच्या मोहल्ल्यात टिपूचं नाव आदराने घेतलं जातं, हे तिलाही ठाऊक होतं. मी 'हो' म्हणालो. मग वाटलं, एवढ्यावर थांबलो तर तिला अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

कावसजी नाव पारशी वाटतं, पण ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापलेलं पत्र त्याला मराठा शेतकरी म्हणतं. १७९०-९२ च्या म्हैसूर युद्धात तो इंग्रजी फौजेचे बैल हाकायचा. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं, नाक कापलं आणि एक हातही तोडला. या युद्धात टिपूविरुद्ध इंग्रजांसोबत पेशवे होते, तसाच हैदराबादचा निजामही होता. म्हणजे ही लढाई धर्माच्या रेघेवर झालेलीच नव्हती. तरीही एका बैल हाकणाऱ्याचा चेहरा विद्रूप करणं हे क्रौर्यच आहे. टिपू मला प्रिय आहे म्हणून ते लहान होत नाही.

आणि ही रीत एकट्या टिपूची नव्हती. व्हेनिसहून आलेल्या मनुचीने शंभर वर्षं आधीची हकिकत लिहून ठेवली आहे. औरंगजेबाच्या विजापूर मोहिमेत मुघल छावणीतले लोक गवत-लाकूड आणायला बाहेर पडले की आदिलशाही सैनिक त्यांना ठार न मारता त्यांची नाकं कापत. दोन्हीकडे मुसलमान बादशहा! कापली गेली ती मात्र गवत आणणाऱ्यांची नाकं. कावसजीही बैलवालाच होता. सरदाराला पकडलं तर खंडणी मिळते, गरिबाला पकडून काय मिळणार? मग त्याच्या तोंडावरच निरोप लिहून परत पाठवायचा.

नाक गेलं म्हणजे नेमकं काय जातं? दोन डोळ्यांच्या मधला वरचा भाग हाडाचा, खालचा कुर्च्यांचा. तलवार किंवा सुरा सहज कापतो तो हा खालचा, मऊ भाग. हवा उबदार आणि ओलसर करणारी पडद्यासारखी हाडं आत खोल असतात. वास ओळखणाऱ्या पेशी तर त्याहून वर, नाकपोकळीच्या छताशी. त्यामुळे बाहेरचं नाक गेलं तरी श्वास आणि वास सहसा उरतात. जाते ती आबरू. कापणाऱ्यालाही तेच हवं असतं.

वर्षभराहून अधिक काळ कावसजी तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. या शस्त्रक्रियेची पद्धत त्या पत्रात सविस्तर दिली आहे. मेणाचा पातळ पत्रा घेऊन आधी नाकाचा आकार करायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. त्या मापाची कातडी सोडवायची, पण भुवयांच्या मधली एक पट्टी तोडायची नाही. कातडी अर्धी पिळून खाली आणायची आणि नाकाच्या खुंटाभोवती केलेल्या खाचेत बसवायची. वरून काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे. मधली पट्टी कापायची ती साधारण पंचविसाव्या दिवशी.

सगळी अक्कल त्या पट्टीत आहे. नवी जागा धरेपर्यंत कातडीला रक्त तिच्यातूनच मिळतं. भुवईच्या आतल्या टोकापाशी एक धमनी कपाळाकडे चढते, तिच्या भरवशावर आजचे सर्जनही असंच नाक करतात. सुश्रुतसंहितेतल्या कृतीत कातडी गालाची घेतली आहे. कपाळाची कातडी मनुचीनेही विजापूरच्या हकिकतीत नोंदवली आहे. भुवयांच्या मध्ये पिळामुळे राहिलेलं छोटं भोकसुद्धा त्याच्या नजरेतून सुटलं नाही. म्हणजे ही विद्या पोथीत होती तशी दख्खनच्या हातांतही होती.

ते पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने मृतदेहांवर सराव केला, १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक बनवलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक छापलं. वैद्यकाच्या इतिहासात त्याचं नाव आहे. कावसजीचंही आहे, शिवाय जेम्स वेल्सने काढलेलं त्याचं चित्र आहे. ही शस्त्रक्रिया पाहणाऱ्या क्रूसो आणि फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावंसुद्धा पत्रात आहेत.

त्या मुलीचा दुसरा प्रश्न होता, "आणि नाक बसवणाऱ्याचं नाव काय, सर?" पत्रात त्याची फक्त जात लिहिली आहे.